पुण्याच्या पेठांतील उन्हाळा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजसिंहासने, रणांगणे आणि तहनामे उभे राहतात. एखाद्या शहराचा इतिहास सांगावयास बसलो तरी आपण मोठ्या वाड्यांच्या दिंडीदरवाजांपाशीच घुटमळतो. त्या दरवाजांच्या आतबाहेर राहणारी माणसे वर्षाचे बारा महिने एकमेकांशी कशी वागत होती, याची नोंद क्वचितच घेतली जाते. वस्ती म्हणजे जवळजवळ बांधलेल्या घरांची नुसती रांग आहे, की तेथे खरोखरीचा शेजार नांदतो आहे, हे पारखावयाचे असेल तर त्यासाठी उन्हाळ्याइतका चांगला काळ नाही. पावसाळ्यात माणूस घरात शिरतो; थंडीत तो शेकोटी किंवा घोंगडी जवळ करतो. उन्हाळा मात्र त्याला घराबाहेर काढतो. पाणी, सावली आणि वारा या तीन गोष्टी वैशाखात कोणालाही एकट्यापुरत्या मिळत नाहीत. त्या वाटून घ्याव्या लागतात. आणि वाटून घेण्याची वेळ आली म्हणजे आपले कोण आणि परके कोण, हा प्रश्न टाळता येत नाही.

या दृष्टीने पुण्याच्या पेठांचा उन्हाळा पाहावा, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे. श्रोत्यांपैकी अनेक जण इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, दिल्ली अशा दूरदूरच्या गावी राहत असतील. मराठी कुटुंबे जेथे जेथे गेली तेथे तेथे या उन्हाळ्याच्या काही चालीरीती त्यांच्याबरोबर गेल्या. त्यामुळे पुढील वर्णनात पुष्कळांना आपल्या घरचेच काही तरी सापडेल.

पेठ म्हणजे मुळात बाजार आणि त्या बाजाराभोवतीची वस्ती. पुण्याचा कसबा सर्वांत जुना. अठराव्या शतकात पेशव्यांचे ठाणे येथे आले आणि कसब्याच्या भोवती एकामागून एक पेठा वसत गेल्या. काहींना वारांची नावे मिळाली, तर काहींना माणसांची. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाची, नाना पेठ नाना फडणविसांच्या नावाची. पेठेत वाडे होते, आणि वाडा म्हणजे एका कुटुंबाचे घर अशी समजूत असली तरी कालांतराने बहुतेक वाड्यांत मालकाबरोबर अनेक बिऱ्हाडे राहू लागली. मध्ये चौक, भोवती ओसऱ्या, वर माडी, मागे परसू आणि परसात आड. चौक सर्वांचा, आड सर्वांचा. स्वतःची म्हणावी अशी एखादुसरी खोली.

या साऱ्या वस्तीला पाणी कोठून मिळत असे? मुठा नदी जवळ खरी, पण उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळू आणि खडकच अधिक दिसत. ही अडचण ओळखून नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, शहराच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगराखाली तलाव बांधण्यात आले. वरच्या तलावात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात यावे, अशी योजना होती. तेथून चुनेगच्ची दगडी नळ जमिनीखालून थेट शहरात आणला. हा नळ इतका प्रशस्त होता, की त्यातून माणूस चालत जाऊ शके. वाटेत ठिकठिकाणी हवा खेळती राहावी आणि पाण्याचा दाब आवरावा म्हणून उच्छ्वास बांधले होते. कोठे यंत्र नाही, मोट नाही. केवळ जमिनीच्या उताराने पाणी कित्येक मैल चालत शनिवारवाड्यापर्यंत येई. मातब्बरांच्या वाड्यांतील आडांना या नळाचे पाणी पोहोचे आणि सामान्यांसाठी पेठापेठांतून हौद होते. साततोटी हौद, काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुण्याच्या जुन्या भागात पत्ता सांगताना अजून ऐकू येतात.

हौद ही पेठेची खरी चावडी होती. पहाटेपासून तेथे घागरी आणि कळशा यांची रांग लागे. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची मुलगी सासरहून परतली, कोणाच्या घरचा ताप उतरला नाही, हे सारे प्रथम हौदावर कळे. पाणी कमी झाले म्हणजे भांडणे होत, हेही खरेच. परंतु ज्याच्याशी पाण्यावरून भांडावयाचे त्याच्याशीच उद्या पुन्हा त्याच पायरीवर गाठ पडावयाची, ही जाणीव भांडणाला मर्यादा घालीत असे.

होळी झाली की वाड्याच्या चौकाला आणि गच्चीला निराळेच रूप येई. वर्षाची बेगमी करण्याचे हे दिवस. गहू भिजत घालावयाचे, ते वाटून त्यांचा चीक काढावयाचा, तो शिजवून सोऱ्याने कुरडया पाडावयाच्या. उडदाचे पीठ तेलाच्या हाताने कुटून पापड लाटावयाचे. सांडगे घालावयाचे, तिखट कांडावयाचे. ही कामे एका घरच्या एकदोन बायकांच्या हातून होण्यासारखी नव्हती. म्हणून पाळी लागे. आज एका बिऱ्हाडाचे पापड, उद्या दुसऱ्याचे. आपापले पोळपाट-लाटणे घेऊन साऱ्या जणी जमत. कावळ्यांना हाकलण्याचे काम मुलांकडे असे आणि त्याचे वेतन म्हणून त्यांना पापडाच्या लाट्या आणि वाटीभर गरम चीक मिळे. श्रमांची ही देवघेव कोणी वहीत लिहून ठेवीत नसे, पण ती कोणी विसरतही नसे.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसे आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत महिनाभर ती माहेरवाशीण म्हणून घरोघर मुक्काम करी. अंगणात चैत्रांगण रेखले जाई. या महिन्यात प्रत्येक घराने आपल्या सोयीचा दिवस पाहून हळदीकुंकू करावयाचे, अशी चाल असल्यामुळे महिनाभर कोठल्या ना कोठल्या घरी बोलावणे असे. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाच्या फोडी, मोगऱ्याची फुले, वाळ्याचा सुगंध अशी या समारंभाची सामग्री. ऋतूने जे दिले तेच देवीपुढे ठेवावयाचे आणि उन्हाचा ताप ज्याने निवेल तेच पाहुणीला द्यावयाचे, इतका साधा आणि शहाणा विचार त्यामागे होता. पुढे अक्षय्यतृतीयेस पाण्याने भरलेल्या कुंभाचे दान करीत. रस्त्याच्या कडेला व्यापारी लोक पाणपोया घालीत; तेथील रांजणांना ओले फडके गुंडाळलेले असे. रामनवमीला तुळशीबागेतील राममंदिरात कीर्तन होई, आणि रात्री उकाड्याने घरात झोप येईनाशी झाली म्हणजे सारा वाडा चौकात, ओट्यावर, गच्चीवर अंथरुणे टाकून चांदण्यात गप्पा मारीत पडे. एखाद्या संध्याकाळी वळवाची सर आली, तर वाळवणे गोळा करण्यासाठी जी धांदल उडे तीत कोणाचे सूप कोणाच्या घरी गेले, याचा हिशेब दुसऱ्या दिवशी लागे.

हे चित्र गोड आहे आणि ते खोटे नाही. परंतु इतिहास येथेच थांबला तर तो इतिहास राहणार नाही. चैत्रगौरीच्या बोलावण्याची यादी पाहिली की शेजाराची हद्द कोठे संपत होती हे लख्ख दिसते. त्याच वाड्यात, त्याच आडाचे पाणी शेंदणारी, साऱ्यांचे पापड लाटून देणारी विधवा स्त्री त्या यादीत नसे. तिचे श्रम चालत, पण समारंभात तिची सावलीही नको असे. आणि जिला यादीत स्थान होते, तिलाही बोलावण्याखेरीज घराबाहेर पडण्याचे दुसरे निमित्त क्वचितच मिळे. १८८२ साली पुण्यात पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज सुरू केला. रमाबाई रानडे तेथे जाऊ लागल्या, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा त्यांना किती रोष सोसावा लागला, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. हळदीकुंकवाला जाणारी स्त्री घराला मान्य होती. सभेला जाणारी मान्य होण्यास फार काळ जावा लागला.

दुसरी हद्द याहून कठोर होती. ती हौदाच्या पायरीवर होती. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले त्यांना सार्वजनिक पाणवठ्यास हात लावण्याची मुभा नव्हती. ज्या वैशाखात पाणपोई घालणे हे पुण्य मानले जाई, त्याच वैशाखात भर दुपारी एखादी स्त्री हौदापासून हात राखून उभी राही आणि कोणी दयाळू माणूस आपली घागर वरून तिच्या भांड्यात ओतील म्हणून वाट पाही. या लोकांची व्यथा त्यांच्यापैकीच एकीने फार पूर्वी मांडली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. पुण्याच्या पेशवाईचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येकाने तो निबंध एकदा तरी वाचावयास हवा.

आणि मग १८६८ साल उजाडले. त्या वर्षी गंज पेठेतील आपल्या राहत्या घराच्या आवारातील पाण्याचा हौद जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केला. या घटनेचा उल्लेख चरित्रग्रंथांत एखाद्या ओळीत येतो आणि आपण पुढे जातो. परंतु पेठेच्या जीवनात हौदाचे जे स्थान आपण पाहिले ते ध्यानात घेतले, तर त्या एका ओळीचे वजन कळते. जोतीरावांनी सभा भरवून ठराव केला नाही, की कोणाकडे अर्ज केला नाही. त्यांच्या हातात होते ते स्वतःचे घर आणि स्वतःचे पाणी; तेच त्यांनी मोकळे केले. आपल्या दारी कोण पाणी भरतो यावरून शेजारी आपली किंमत ठरवितात हे त्यांना पुरते ठाऊक होते. ती किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली. जोतीरावांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी पुढे आपल्या अकाली गेलेल्या लाडक्या मुलीच्या स्मरणार्थ बांधलेला बाहुलीचा हौद फडके हौदाजवळच होता. मृताचे स्मारक म्हणून पाणी ठेवावे, ही कल्पनाही त्या काळच्या पुण्याच्या मनाविषयी बरेच काही सांगून जाते.

गंज पेठेतील त्या हौदापासून निघालेली वाट फार दूर गेली. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. पण कागदावरचा ठराव पायरीवर उतरेना. तेव्हा २० मार्च १९२७ रोजी, उन्हाळा चढू लागला असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्राशन केले. त्या ओंजळीचा दावा न्यायालयात दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कोठे कायद्याच्या दृष्टीने तो वाद मिटला. तहान भागविण्याचा हक्क सिद्ध करावयास दहा उन्हाळे लागले!

आता पुन्हा पुण्यास येऊ. जोतीरावांनी हौद खुला केल्यानंतर सात वर्षांनी, १८७५ मध्ये, याच शहरात उन्हाळ्याच्या सामाजिक जीवनास दुसरे एक वळण मिळाले. महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यास आले होते. त्यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळाच का निवडला, याचे उत्तर व्यवहारात आहे. न्यायालये आणि विद्यालये यांना त्या दिवसांत सुटी असे. परगावी नोकरीस असलेली मंडळी आपापल्या घरी परतलेली असत. दुपार घरात काढावी लागे, पण संध्याकाळ मोकळी असे आणि कोणालाच घरात बसवत नसे. उकाड्याने माणसे बाहेर पडतच होती. त्यांना बसण्यास जागा आणि ऐकण्यास विषय देण्याचे काम या व्याख्यानमालेने केले.

गप्पा मारणे हा उन्हाळ्याच्या रात्रीचा सनातन उद्योग. रानड्यांनी त्या गप्पांना विषय, वेळ आणि शिस्त दिली. व्यापार, शेती, इतिहास, धर्म, स्त्रीशिक्षण, राज्यकारभार अशा प्रश्नांवर आपल्याच भाषेत, चारचौघांसमोर बोलावयाचे आणि विरुद्ध मतही शांतपणे ऐकून घ्यावयाचे, ही सवय शहरास लागली. हे पोकळ शब्दपांडित्य नव्हते. १८७६ पासून दोन वर्षे दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने ठिकठिकाणी माणसे पाठवून दुष्काळाची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. आपल्या वाड्याबाहेरचे, आपल्या पेठेबाहेरचे, कधी न पाहिलेल्या खेड्यातले माणूसही आपला शेजारी आहे, हा विचार त्या काळी पुण्यात मूळ धरू लागला होता. आज आपण आकाशवाणीवरून जे भाषण ऐकतो, त्याचे कुळ शोधत गेलो तर ते अशाच कोणा उन्हाळी संध्याकाळच्या सतरंजीपाशी सापडेल. मध्यंतरी खंड पडले तरी ही व्याख्यानमाला दीडशे वर्षांचा पल्ला गाठून गेली आहे.

एका उन्हाळ्यात मात्र हा शेजार मुळापासून हादरला. तो १८९७ चा उन्हाळा. मुंबईस आदल्या वर्षी आलेला प्लेग पुण्यात पसरला होता. मार्चपासून मेपर्यंत रँड यांच्या देखरेखीखाली गोरे शिपाई घरोघर शिरून झडती घेत होते. आजारी माणसाला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत नेले जाई. ज्या चौकात वाळवणे पडावयाची तेथे घरातले सामान बाहेर टाकले जाऊ लागले. ज्यांना शक्य होते त्यांनी शहर सोडले. कित्येकांनी माळावर झोपड्या बांधल्या. लोकांचा संताप अनावर झाला आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी घडलेला दुसरा एक प्रसंग शेजाराच्या इतिहासात अधिक मोलाचा वाटतो. रोग्याला पाहून सख्खे नातलग दूर पळत होते, तेव्हा सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच त्यांना त्या रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पाण्याची हद्द ज्या घराने मोडली, त्या घराने मृत्यूच्या भयाची हद्दही मोडली.

पुढील बदल हळूहळू, कोणाच्या ध्यानात न येता झाले. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले आणि कालांतराने त्याचे पाणी नळाने घराघरांत येऊ लागले. मग विजेचा पंखा आला. हौदावर जाण्याचे कारण उरले नाही आणि ओट्यावर निजण्याचेही. जुने पाणवठे निरुपयोगी ठरले. काही बुजले, काही पाडले गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फोडली आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले, तेव्हा उपेक्षेत पडलेले आड आणि हौद यांची शहरास पुन्हा आठवण झाली. परंतु त्या पुराने कित्येक वाडे भुईसपाट केले होते. पूरग्रस्तांच्या नव्या वसाहती गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत उभ्या राहिल्या. पेठांतही पुढील काळात वाडे पाडून इमारती झाल्या. चौक गेला आणि त्याबरोबर चौकाने शिकविलेल्या सवयीही गेल्या.

याबद्दल हळहळ वाटणे साहजिक आहे. पण न्याय करावयाचा तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नळाने जात विचारली नाही. जे काम कीर्तनांनी आणि पाणपोयांनी शतकानुशतके केले नाही, ते भिंतीतून आलेल्या एका लोखंडी नळीने मुकाट्याने पुष्कळसे करून टाकले. ज्या स्त्रीला हौदापासून हात राखून उभे राहावे लागे, तिच्या नातीला जुन्या हौदाचे वर्णन ऐकून गहिवर येणार नाही आणि तो यावा अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणास नाही. मात्र हेही तितकेच खरे, की नळाने माणसाला दुसऱ्याच्या दयेतून जसे सोडविले तसे दुसऱ्याच्या गरजेतूनही सोडविले. ज्याची आपल्याला गरज नाही त्याची विचारपूस करण्याचे आपल्याला सुचत नाही.

पण उन्हाळा अद्याप आपले काम विसरलेला नाही. आजच्या पुण्याच्या विस्तारलेल्या उपनगरांत एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतात, पाण्याच्या वेळा ठरतात आणि एरवी एकमेकांचे नाव ठाऊक नसलेली माणसे पाण्याच्या प्रश्नावर एकत्र बसतात. पेठेचा जुना प्रश्न तेथे नव्या वेषात उभा राहतो. टाकीत आलेले पाणी कोणाकोणाचे? इमारतीच्या फाटकावर दिवसभर उन्हात बसणाऱ्या पहारेकऱ्याला आणि चार घरची भांडी घासून निघालेल्या बाईला पाणी मिळते का, आणि मिळाले तर ते कोणत्या भांड्यातून मिळते? पुण्याच्या पेठांनी आपल्यासाठी दोन वारसे ठेवले आहेत. एक आहे चैत्रगौरीच्या पन्ह्याचा, आपल्या माणसाला प्रेमाने निववण्याचा. दुसरा आहे गंज पेठेतील हौदाचा, परका ठरविलेल्या माणसाला आपल्या दारी पाणी भरू देण्याचा. पहिला वारसा आपण देशभर आवडीने जपला. दुसरा जपण्यासाठी प्रत्येक उन्हाळा आपल्याला नव्याने संधी देत असतो.